गेंडा : मोहरेवरून पावलीवर

सराफाकडे सोन्याचं नाणं मागितलं, की लक्ष्मी निघते, नाहीतर गणपती. वाघ किंवा गेंडा मागून पाहा. सराफ आधी तुमच्याकडे निरखून पाहील. पण आपल्याकडच्या सोन्यावर एकेकाळी जंगल होतं.

गुप्तांच्या नाण्यांवर समुद्रगुप्त वाघ मारतो, दुसरा चंद्रगुप्त सिंह. मला सरस वाटतो तो कुमारगुप्ताचा गेंडा. बोटाच्या पेराएवढ्या जागेत राजा घोड्यावरून पुढे झुकून तलवार चालवतोय, घोडा बिचकून मान वर करतोय आणि गेंडा मागे तोंड वळवून राजाला सामोरा जातोय. दुसऱ्या बाजूला मकरावर उभी गंगा. १९४६ साली भरतपूर संस्थानात बयाण्याजवळ सापडलेल्या ठेव्यातही हा प्रकार निघाला. हाती लागलेल्या त्या १८२१ सुवर्णनाण्यांची सूची १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. ती करणारे अनंत सदाशिव आळतेकर कोल्हापूरकडचे, म्हाकव्याचे.

पुढे गोव्याच्या कदंबांच्या गद्याण या सुवर्णनाण्यावर सिंह आला. कंपनी सरकारने १८३५ च्या दुहेरी मोहरेवर सिंहाशेजारी ताडाचं झाड उभं केलं. त्यावरूनच रिझर्व्ह बँकेने आपलं चिन्ह घेतलं, पण सिंह काढून वाघ बसवला. वाघ हिंदुस्थानाला जास्त शोभतो म्हणून. तो वाघ नोटेवर गेला, सोन्यावर नाही. मुंबईच्या टांकसाळीने १९१८ मध्ये गिन्न्या पाडल्या, त्यांवर तर परदेशी संत आणि कुणी न पाहिलेला ड्रॅगन!

दक्षिण आफ्रिकेने १९६७ मध्ये क्रूगररँडवर आपलं हरीण आणलं. चीनने १९८२ पासून पांडा. आपल्याकडे मात्र १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्यावर पहारा बसवला, तो १९९० पर्यंत. एकशिंगी गेंडा सोन्यावर परतला, पण नेपाळच्या : १९७४ चं हजार रुपयांचं नाणं, वन्यजीव संरक्षणाच्या मालिकेतलं. आपल्या वाट्याला १९८८ पासून पोलादी पावलीवरचा गेंडा आला. २०११ मध्ये तीही चलनातून गेली.

जुनी नाणी उरत नाहीत, कारण आपल्याला नाण्यापेक्षा वजन कळतं. विटा-खानापूर-आटपाडीचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पसरलेत. त्यांच्या मुशीला गेंडा आणि फुटकं डूल सारखंच. तेव्हा आजीच्या पेटीत चित्र असलेलं जुनं नाणं निघालं, तर आटणीला देण्याआधी एखाद्या जाणकाराला दाखवा. घासूनपुसून चकचकीत मात्र करू नका.