स्वस्त हँडगन (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शस्त्रबाजारात साधारणतः ३०० डॉलरपेक्षा कमी किमतीला नव्याने विकल्या जाणाऱ्या पिस्तुलांना व रिव्हॉल्वरांना स्वस्त हँडगन किंवा ‘बजेट हँडगन’ म्हणतात. ही संज्ञा कायद्यातील नसून व्यवहारातील आहे. पोलीस दलांत प्रचलित असलेली नामांकित कंपन्यांची पिस्तुले सामान्यतः ५०० ते ६०० डॉलरच्या घरात असतात. त्याहून निम्म्या किमतीचे शस्त्र स्वसंरक्षणासाठी भरवशाचे ठरते का, हा अमेरिकी ग्राहकांमधील जुना वाद आहे. बंदुकांतील उत्पादनदोषांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय ग्राहक-सुरक्षा यंत्रणा त्या देशात नाही. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर शोधणारे अनेक ग्राहक इंटरनेटवरील व्हिडिओ समीक्षकांच्या चाचण्यांवर विसंबतात.

इतिहास

१९६० च्या दशकात युरोपातून आयात होणारी लहान व स्वस्त पिस्तुले अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर विकली जात. अशा शस्त्रांना ‘सॅटर्डे नाइट स्पेशल’ हे हेटाळणीचे नाव पडले होते. जॉन एफ. केनेडी, मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर ‘गन कंट्रोल ॲक्ट’ हा कायदा संमत झाला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी २२ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. क्रीडाप्रकारांसाठी योग्य नसलेल्या बंदुकांच्या आयातीवर या कायद्याने निर्बंध आले. आयात करावयाच्या हँडगनला आकार, वजन व सुरक्षा-साधने यांनुसार गुण देण्याची पद्धत सुरू झाली आणि लहान, स्वस्त पिस्तुले तीत अपात्र ठरू लागली.

हे निर्बंध केवळ आयातीवर होते. देशांतर्गत उत्पादनाला ते लागू नव्हते. ही पोकळी दक्षिण कॅलिफोर्नियातील नव्या कंपन्यांनी भरून काढली. जॉर्ज जेनिंग्ज यांनी १९७० मध्ये सुरू केलेली रेव्हन आर्म्स ही त्यांतील पहिली होय. तिचे ०.२५ कॅलिबरचे एमपी-२५ हे पिस्तूल विशेष खपाचे ठरले. पुढे जेनिंग्ज फायरआर्म्स, ब्रायको आर्म्स, डेव्हिस इंडस्ट्रीज, लॉर्सिन इंजिनिअरिंग, फिनिक्स आर्म्स इत्यादी कंपन्या याच परिसरात उभ्या राहिल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठातील (डेव्हिस) वैद्यकतज्ज्ञ व संशोधक गॅरेन विंटेम्यूट यांनी १९९४ मध्ये या उद्योगावर अहवाल प्रसिद्ध केला. लॉस एंजेलिसभोवती पसरलेल्या या कंपन्यांना त्यांनी दिलेले ‘रिंग ऑफ फायर’ (अग्निवलय) हे नाव रूढ झाले. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत तयार होणाऱ्या हँडगनपैकी सुमारे एक-तृतीयांश या कंपन्यांच्या होत्या.

या पिढीचा शेवट मुख्यतः न्यायालयीन दावे व दिवाळखोरी यांमुळे झाला. १९९४ मध्ये ब्रायको कंपनीच्या पिस्तुलातून चुकून सुटलेली गोळी लागून एक सात वर्षांचा मुलगा कायमचा पंगू झाला. पिस्तूल रिकामे करताना सुरक्षा-खटका काढणे भाग पडावे, अशी त्याची रचना होती आणि हाच दाव्याचा मुख्य मुद्दा होता. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्यूरीने कंपनी व तिच्याशी संबंधित प्रतिवादींवर सुमारे २.४ कोटी डॉलरची जबाबदारी टाकली. त्यानंतर कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. शिल्लक पिस्तुले वितळवून टाकण्याच्या हेतूने जखमी मुलाच्या बाजूने देणग्या गोळा करून लिलावात बोली लावण्यात आली. तथापि, कंपनीच्या कारखान्यातील माजी फोरमनने अधिक बोली लावून मालमत्ता मिळवली व जिमेनेझ आर्म्स या नावाने उत्पादन पुढे चालू ठेवले. ही कंपनीही २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली.

रचना आणि साहित्य

स्वस्त पिस्तुलांची किंमत प्रामुख्याने दोन बाबींमुळे कमी राहते : धातू आणि यंत्रणा.

जुन्या स्वस्त पिस्तुलांचा सांगाडा व वरचा सरकता भाग (स्लाइड) ‘झामॅक’ या मिश्रधातूचा असे. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम व तांबे यांपासून तो बनतो. सुमारे ३८५ अंश सेल्सियसला वितळत असल्याने तो साच्यात सहज ओतता येतो. पोलाद कापून, घासून भाग तयार करण्यापेक्षा हे ओतकाम पुष्कळ स्वस्त पडते. मात्र झामॅकचे सामर्थ्य पोलादापेक्षा कमी असल्याने तितकाच भार पेलण्यासाठी भाग जाड करावे लागतात. नळी मात्र पोलादाचीच असते.

यंत्रणेच्या दृष्टीने अनेक स्वस्त पिस्तुले ‘ब्लोबॅक’ प्रकारची असतात. या रचनेत गोळी सुटताना नळीचे मागचे तोंड कुलूपबंद नसते. स्लाइडचे वजन व स्प्रिंगचा ताण यांच्या बळावरच ते क्षणभर बंद राहते. महागड्या पिस्तुलांत बहुधा नळी व स्लाइड परस्परांत अडकून काही अंतर एकत्र मागे सरकतात आणि नंतर सुटतात. त्यासाठी अचूक यंत्रकाम लागते. ब्लोबॅक रचना सोपी असली, तरी ९ मिलिमीटरसारख्या जोरकस काडतुसासाठी तिची स्लाइड बरीच जड ठेवावी लागते. ओहायो राज्यातील मॅन्सफील्ड येथे बनणारे हाय-पॉइंट सी-९ हे त्याचे परिचित उदाहरण आहे. रिकाम्या अवस्थेत त्याचे वजन सुमारे ८२० ग्रॅम असून मॅगझिनमध्ये ८ काडतुसे बसतात. तुलनेसाठी, ग्लॉक १९ या पिस्तुलाचे वजन सुमारे ६०० ग्रॅम असून त्यात १५ काडतुसे मावतात. म्हणजे स्वस्त शस्त्रात ग्राहक सर्वप्रथम आटोपशीरपणा व क्षमता गमावतो. विश्वासार्हताही कमी असेलच, असा निष्कर्ष केवळ रचनेवरून निघत नाही.

नव्या पिढीतील सर्व स्वस्त पिस्तुले या प्रकारची नाहीत. ब्राझीलमधील टॉरस कंपनीची जी-२सी व जी-३ ही पिस्तुले कुलूपबंद रचनेची व पॉलिमर सांगाड्याची आहेत. ग्लॉकच्या तिसऱ्या पिढीच्या रचनेवरील पेटंटांची मुदत संपल्यानंतर दक्षिण कॅरोलिनातील पाल्मेटो स्टेट आर्मरीने ‘डॅगर’ हे त्याच धर्तीचे पिस्तूल सुमारे ३०० डॉलरला बाजारात आणले. संगणकनियंत्रित यंत्रे व पॉलिमरचे साचे यांमुळे किंमत आणि दर्जा यांतील पूर्वीचे थेट नाते सैल झाले आहे.

नियमन

ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने आयोग स्थापन झाला. तथापि, ज्या वस्तूंवर बंदुका व दारूगोळ्यावरील केंद्रीय उत्पादनशुल्क आकारले जाते, त्या वस्तू ‘ग्राहकोपयोगी वस्तू’ या व्याख्येतून वगळण्यात आल्या. परिणामी, खेळणे किंवा विजेची इस्त्री सदोष आढळल्यास हा आयोग ती बाजारातून परत मागवण्यासाठी कारवाई करू शकतो. पिस्तुलाबाबत त्याला तसा अधिकार नाही. पिस्तूल परत मागवणे वा दुरुस्त करून देणे हे बहुतांशी उत्पादकाच्या इच्छेवर किंवा न्यायालयीन दाव्यांवर अवलंबून राहते. २००५ च्या केंद्रीय कायद्याने बंदुकांच्या गुन्हेगारी वापराबद्दल उत्पादकांविरुद्ध होणाऱ्या दाव्यांना मोठ्या प्रमाणात आळा घातला. सदोष रचना वा निर्मितीविषयीच्या दाव्यांना त्यात मर्यादित वाव आहे.

उद्योगाची ‘सामी’ ही १९२६ मध्ये स्थापन झालेली संस्था शस्त्र हातातून पडल्यास गोळी सुटू नये यासाठी चाचणीचे मानक ठरवते, मात्र ते ऐच्छिक आहे.

काही राज्यांनी स्वतंत्र नियम केले आहेत :

* इलिनॉय व दक्षिण कॅरोलिना यांसारख्या राज्यांनी ८०० अंश फॅरनहाइटपेक्षा (सुमारे ४२७ अंश सेल्सियस) कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूच्या हँडगनविरुद्ध कायदे केले. त्यांचा रोख झामॅकवर होता.
* मेरीलँडमध्ये विक्रीयोग्य हँडगनची अधिकृत यादी ठेवण्याचा कायदा १९८८ मध्ये झाला व त्याच वर्षी सार्वमताने तो कायम राहिला.
* कॅलिफोर्नियाच्या १९९९ च्या कायद्यानुसार २००१ पासून प्रयोगशाळेतील चाचणी आवश्यक झाली. एका प्रारूपाची तीन पिस्तुले प्रत्येकी ६०० गोळ्या झाडून तपासली जातात. पहिल्या २० गोळ्यांत बिघाड चालत नाही व एकूण बिघाड सहापेक्षा जास्त असू नयेत, अशी अट आहे. पाडून पाहण्याची चाचणीही घेतली जाते.

व्हिडिओ समीक्षा

२००५ मध्ये यूट्यूब सुरू झाल्यानंतर बंदुकांविषयीच्या वाहिन्या झपाट्याने वाढल्या. टेनेसीतील एका निवृत्त शिक्षकाची ‘हिकॉक४५’ ही २००७ पासूनची वाहिनी त्यांतील सर्वाधिक परिचितांपैकी आहे. त्यापूर्वी समीक्षा मुख्यतः मासिकांत येत. ज्यांच्या उत्पादनांची समीक्षा करावयाची त्याच कंपन्यांच्या जाहिरातींवर मासिके चालत असल्याने ती सौम्य असते, असा आक्षेप घेतला जाई. स्वखर्चाने पिस्तूल विकत घेऊन कॅमेऱ्यासमोर शेकडो गोळ्या झाडणारे आणि बिघाड न कापता दाखवणारे समीक्षक म्हणूनच लोकप्रिय झाले. काही वाहिन्या पिस्तूल माती, वाळू व पाण्यात बुडवूनही तपासतात.

हाय-पॉइंट हा या वाहिन्यांचा आवडता विषय आहे. ओबडधोबड रूपामुळे त्याची थट्टा होते. त्याच वेळी कमी किंमत आणि मालक बदलला तरी लागू राहणारी आजीवन हमी यांमुळे त्याचे समर्थनही केले जाते. २०१९ मध्ये कंपनीने नव्या पिस्तुलासाठी लोकांकडून नावे मागवली, तेव्हा ‘यीट कॅनन’ हे विनोदी नाव आघाडीवर आले. कंपनीने प्रथम ते बाजूला ठेवले. नाराजी व्यक्त झाल्यावर मात्र स्वीकारले.

समीक्षकांनाही नियम लागू आहेत. वस्तू मोफत मिळाली असल्यास वा कंपनीशी आर्थिक संबंध असल्यास तो स्पष्टपणे सांगावा, असे केंद्रीय व्यापार आयोगाचे मार्गदर्शक तत्त्व आहे. बंदुका व त्यांच्या काही जोडसाधनांच्या विक्रीला चालना देणाऱ्या व्हिडिओंवर यूट्यूबने मार्च २०१८ मध्ये निर्बंध आणले. बंदुकीतील सुरक्षा-साधने काढून टाकण्याची पद्धत दाखवण्यास जून २०२४ पासून मनाई आहे.

चाचण्यांच्या मर्यादा

व्हिडिओ समीक्षेत बहुधा एकच पिस्तूल तपासले जाते. एखाद्या प्रारूपाच्या दर १०० पिस्तुलांत ५ सदोष निघत असतील, तर समीक्षकाच्या हाती निर्दोष पिस्तूल येण्याची शक्यता ९५ टक्के असते. अशा वेळी प्रामाणिक समीक्षेतूनही सदोष प्रमाणाचा पत्ता लागत नाही. स्वस्त उत्पादनांत नगानगांतील फरक अधिक असण्याची शक्यता असल्याने ही मर्यादा तेथे विशेष महत्त्वाची ठरते.

गोळ्यांच्या संख्येलाही असेच बंधन आहे. ५०० गोळ्या बिघाडाविना सुटल्या, तरी सांख्यिकीच्या ‘तीनच्या नियमा’नुसार बिघाडाचे प्रमाण ०.६ टक्क्यापेक्षा कमी आहे, एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते, ०.६ टक्के म्हणजे सुमारे १६७ गोळ्यांमागे एक बिघाड.

नमुना कोणी निवडला, हाही कळीचा मुद्दा आहे. रेमिंग्टन कंपनीचे सुमारे ४२० डॉलरचे आर-५१ हे पिस्तूल २०१४ मध्ये आले. कंपनीच्या कार्यक्रमात ते हाताळलेल्या समीक्षकांनी त्याची प्रशंसा केली. मात्र दुकानांत आलेल्या पिस्तुलांत गंभीर दोष आढळले. प्राथमिक नमुन्यांकडून मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाकडे जाताना अडचणी आल्याचे कंपनीने मान्य केले व ग्राहकांना ती बदलून देण्याची तयारी दाखवली.

विश्वासार्हता आणि सुरक्षितता

या वादात दोन वेगळ्या प्रश्नांची अनेकदा गल्लत होते. चाप ओढल्यावर पिस्तूल चालते का, हा विश्वासार्हतेचा प्रश्न. चाप न ओढता ते चालत तर नाही ना, हा सुरक्षिततेचा. गोळीबाराचे व्हिडिओ मुख्यतः पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात. ब्रायकोच्या प्रकरणात मुलाला इजा झाली, ती दुसऱ्या प्रश्नाशी निगडित होती.

टॉरसच्या नऊ जुन्या प्रारूपांची पिस्तुले पडल्यावर गोळी सुटू शकते, असा आरोप असलेल्या सामूहिक दाव्यात २०१५ मध्ये तडजोड झाली. तिच्या कक्षेत सुमारे १० लाख पिस्तुले होती. मात्र हा दोष केवळ स्वस्त शस्त्रांपुरता मर्यादित नाही. अमेरिकी लष्कराने ज्याची आवृत्ती जानेवारी २०१७ मध्ये निवडली, ते सिग सॉअर पी-३२० हे पिस्तूल विशिष्ट कोनात मागच्या बाजूवर पडल्यास गोळी सुटते, असे ऑगस्ट २०१७ मध्ये एका शस्त्रविक्रेत्याच्या व्हिडिओ चाचणीत दिसून आले. पाठोपाठ कंपनीने ऐच्छिक सुधारणा योजना जाहीर केली. प्रचलित मानकांच्या चाचण्या हे पिस्तूल उत्तीर्ण झाले होते. यंत्रणेतून निसटलेला दोष समीक्षक उघड करू शकतात हे यातून दिसले. त्याचबरोबर किंमत ही सुरक्षिततेची हमी नसल्याचेही स्पष्ट झाले.

किंमत आणि उपयुक्तता

पिस्तुलाच्या छापील किमतीपेक्षा ते वापरण्याचा खर्च बहुधा अधिक असतो. ९ मिलिमीटरच्या एका काडतुसाची किंमत २५ सेंट धरल्यास सरावाच्या २,००० काडतुसांना ५०० डॉलर लागतात. त्यामुळे नियमित सराव करणाऱ्याच्या दृष्टीने स्वस्त व महाग पिस्तुलांच्या किमतीतील फरक तुलनेने गौण ठरतो. जो क्वचितच सराव करतो, त्याच्यासाठी तो फरक मोठा राहतो. परंतु आपल्या हातातील पिस्तुलाचे दोषही त्याला कळत नाहीत. खरेदीनंतर स्वतः काहीशे गोळ्या झाडून पाहिल्याशिवाय कोणत्याही पिस्तुलावर विसंबू नये, असा सल्ला समीक्षक सामान्यतः देतात.

सामाजिक वाद

स्वस्त हँडगनमुळे गुन्हेगारांना व अल्पवयीनांना शस्त्रे सहज मिळतात आणि अपघात वाढतात, असे नियंत्रणाच्या समर्थकांचे म्हणणे आहे. उलटपक्षी, किमान किंमत वा धातूच्या अटींमुळे स्वसंरक्षणाचे साधन केवळ सधनांपुरते उरते व गुन्ह्यांची झळ अधिक बसणारी गरीब वस्ती त्याला मुकते, असा युक्तिवाद विरोधक करतात. पिस्तुलांचा दर्जा तपासणारी सार्वजनिक यंत्रणा असावी की नाही, हा प्रश्न या दोन्ही बाजूंच्या राजकारणात अडकून राहिला आहे. तोवर बहुतेक राज्यांत ही तपासणी उत्पादक, न्यायालये व हौशी समीक्षक यांच्यात विभागलेली आहे.

हेही पहा

* गन कंट्रोल ॲक्ट, १९६८
* अमेरिकेच्या संविधानातील दुसरी दुरुस्ती
* पिस्तूल
* ग्राहक संरक्षण