भाताची नोंदवही

पर्यावरणाचे शिक्षण सर्वत्र सक्तीचे करावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिला. त्यानंतर सुमारे बारा वर्षांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीवर्गांसाठी अभ्यासक्रम आखला आणि त्यात क्षेत्रकार्यालाही जागा दिली. पण सक्तीचा विषय आणि परीक्षेचे वेळापत्रक यांची गाठ पडली, की जे व्हायचे तेच झाले. गवत, टोळ, बेडूक, साप आणि ससाणा ही साखळी रायपूरचा विद्यार्थी तोंडपाठ म्हणतो. मात्र त्याचे आजोबा वरच्या बांधीत एक धान आणि खालच्या बांधीत दुसरे का पेरीत, हे त्याला सांगता येत नाही. (बांधी म्हणजे काय, हे पूर्व विदर्भातल्या श्रोत्यांना सांगावयास नकोच.)

नवल हे, की ह्या प्रश्नाचे उत्तर रायपुरातच नोंदवून ठेवलेले आहे. १९७१ साली डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया येथील तांदूळ संशोधन संस्थेत आले. तत्पूर्वी ते कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे संचालक होते. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशाचा भाग होता. रिछारियांनी तुटपुंज्या साधनांनिशी खेडोपाडी धानाचे नमुने गोळा करविले आणि काही वर्षांतच त्यांची संख्या १९,००० च्या वर गेली. शेतकरी ज्या नावाने आपले धान ओळखतो ते नाव, नमुन्याचे गाव, आणि तो पेरून पाहिल्यावर दिसलेले गुण : पिकावयास लागलेले दिवस, रोपाची उंची, दाण्याची घडण. मी महसूल खात्यात उमेदवारी केलेला माणूस. रकान्यांच्या कागदाचे मला वेड आहे. पण एवढ्या विस्तृत मुलखाचा स्वभाव सांगणारे रकाने मी क्वचितच पाहिले आहेत.

ते वाचावयाचे कसे? येथील जमीन उताराने उतरत जाते. माथ्यावर मुरमाड भाटा, त्याखाली पिवळसर मटासी, मग डोरसा आणि तळाशी काळी, ओल धरणारी कन्हार. वर्षाला सरासरी १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो खरा, पण सप्टेंबरात त्याने पाठ फिरविली म्हणजे माथ्यावरची ओल आधी संपते. म्हणून वर लवकर निसवणारे हरुना धान आणि खाली उशिराचे. अर्थात पिकाचे दिवस आणि शेताची उंची हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले, की पाणी, माती आणि वनस्पती यांचे नाते विद्यार्थ्याला स्वतःच शोधून काढता येते. बी. ए.च्या विद्यार्थ्यालाही त्यासाठी आलेखाच्या कागदापलीकडे काही लागत नाही.

१९८७ साली रायपुरात इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. हा ठेवा पुढे त्याच्याकडे आला आणि वाढून २३,००० नमुन्यांच्या वर गेला. २००२ साली सिंजेंटा ह्या परदेशी कंपनीशी ह्या संग्रहाविषयी सहकार्याची बोलणी चालल्याचे उघडकीस आले. रायपुरात निदर्शने झाली आणि वर्षअखेर कंपनीने माघार घेतली. बियाणे कोणाचे, ह्यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. मला त्यातला दुसरा प्रश्न अधिक बोचतो. ज्या संग्रहासाठी शहर रस्त्यावर आले, तो आमच्या साध्या महाविद्यालयांतल्या किती मुलांनी अभ्यासाकरिता उघडून पाहिला असेल?

मागच्या पावसाळ्यात परिचयाच्या एका प्राध्यापकांच्या विनंतीवरून मी पंधरा-सोळा विद्यार्थ्यांबरोबर एका गावी गेलो. गावाच्या तलावावर आणि चराईवर कोणाचा कसा हक्क, हे सांगणाऱ्या निस्तार पत्रकाची नक्कल बरोबर घेतली होती. मुलांनी दोरी व पाण्याची नळी लावून बांध्यांची उंची मापली, मातीचा प्रकार लिहिला, वाणाचे नाव विचारले. सायंकाळी तक्ता पुरा झाला. उंचीचा रकाना दर ओळीला बदलत होता, मातीचाही. वाणाच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत दोनच नावे होती : महामाया आणि स्वर्णा. मुले थोडी हिरमुसली. आकडे चुकले की काय, असे एकाने विचारलेही.

तेवढ्यात ओसरीवर बसलेल्या एका वृद्धेने माथ्यावरच्या शेतात पूर्वी पेरीत त्या धानांची चार नावे सांगितली. बी आहे का, ह्यावर तिने मान हलविली. मुलाने चारही नावे तक्त्याच्या खाली लिहून घेतली आणि बियाण्याचा रकाना कोरा ठेवला. दुसऱ्या दिवशी ती नावे घेऊन तो कृषी विद्यापीठाच्या वाटेला लागला.