आठ आणे ते तीनशे रुपये : आपल्या गेटवरच्या कुत्र्यांचा इतिहास

स्मरणिका समितीने मला "सोसायटीच्या इतिहासातलं एखादं पान लिहा" असं सांगितलं. भूमिपूजन, रजिस्ट्रेशन, पहिला गणपती, बोअरवेल, कन्व्हेयन्ससाठी घातलेल्या खेपा हे सगळं या अंकात इतरांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलेलं आहे. मी २००४ ते २०१३ अशी नऊ वर्षं आपला सेक्रेटरी होतो. त्या काळातली मिनिट बुकं परत चाळली, तेव्हा लक्षात आलं की पार्किंगच्या खालोखाल आपण कुठल्या विषयावर भांडलो असू तर तो प्राण्यांवर. गेटवरचे कुत्रे, लिफ्टमधले कुत्रे, मांजरं, कबुतरं. म्हणून हेच पान लिहितो. यात माझा स्वतःचा एक हिशेब आहे, तोही मांडतो.

आपल्याला वाटतं की ही भांडणं नव्या जमान्याची, फ्लॅट संस्कृतीची. तसं नाही. मुंबई या विषयावर १८३२ साली पेटली होती, आणि तेव्हा मुलुंड, बोरिवली ही निव्वळ खेडी होती.

आठ आण्यांचा दंगा

कंपनी सरकारच्या काळात मुंबईत भटके कुत्रे मारण्याचा नियम होता. १८१३ पासून वर्षातले ठराविक आठवडे त्यासाठी ठरवून दिलेले असत. कारण खोटं नव्हतं. पिसाळलेला कुत्रा चावला की माणूस वाचत नसे. पाश्चरने रेबीजची लस माणसाला पहिल्यांदा टोचली ती १८८५ साली, म्हणजे अजून त्रेपन्न वर्षं जायची होती.

१८३२ साली मारण्याची मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेली. पोलीस शिपायांना दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. आता नगावर पैसे म्हटल्यावर कुत्रा भटका की पाळलेला हे कोण बघतो? शिपाई घरांच्या आवारात शिरून पाळीव कुत्रेही नेतात अशी लोकांची तक्रार सुरू झाली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. मृत माणसाला अखेरच्या विधीआधी कुत्र्याच्या नजरेसमोर आणतात, त्याला ते सगदीद म्हणतात. ६ जून हा त्यांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी जमावाने दोन गोऱ्या शिपायांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी फोर्टातली दुकानं बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही हरताळात उतरले. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीला पाव-मटण पोचेना. शेवटी लष्कर बोलवावं लागलं, धरपकड झाली, खटले झाले.

पुढे जमशेटजी जीजीभॉय आणि इतर शेठ मंडळींनी सरकारकडे रदबदली केली. कुत्रे मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावेत असा तोडगा निघाला. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजींच्याच पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. तो आजही आहे. १८७४ साली प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था मुंबईत स्थापन झाली आणि पुढच्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ निघालं. आपल्यातल्या कित्येकांनी आपली मांजरं-कुत्री तिथे नेली आहेत.

विजेचा धक्का ते नसबंदी

स्वातंत्र्यानंतर १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्यामागे नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा राज्यसभेतला पाठपुरावा होता, आणि पुढे प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पण भटके कुत्रे मारायला त्या कायद्यातही सवलत होती. मुंबई महापालिका कित्येक वर्षं दरसाल हजारो कुत्रे विजेचा धक्का देऊन मारत असे. माझ्या वयाच्या लोकांना पालिकेची ती गाडी आणि लांब दांड्याचा चिमटा आठवत असेल. गाडी आली की आम्ही पोरं चाळीतला कुत्रा जिन्याखाली लपवायचो.

एवढं मारूनही कुत्रे संपले नाहीत, रेबीजही संपला नाही. याचं कारण साधं आहे. रस्त्यावर कचरा आहे, म्हणजे अन्न आहे. एका गल्लीतले कुत्रे नेले की ती जागा शेजारच्या गल्लीतले घेतात. कुत्री दोन महिन्यांत विते. नव्याने आलेले कुत्रे ना नसबंदी झालेले, ना लस टोचलेले. मुंबईतल्या प्राणीमित्र संस्थांनी हाच मुद्दा लावून धरला आणि १९९४ साली पालिकेने मारणं थांबवून नसबंदीचा मार्ग धरला. १९९८ साली उच्च न्यायालयाने त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. २००१ साली केंद्राचे नियम आले : कुत्रा पकडा, नसबंदी करा, लस टोचा, जिथून उचलला तिथेच सोडा. कानाला त्रिकोणी खाच दिसली की समजायचं, याचं काम झालेलं आहे.

दुसरी बाजूही गप्प बसली नव्हती, आणि तिचंही म्हणणं खरं होतं. ज्याच्या मुलाला कुत्रा चावतो त्याने वीस वर्षांनी आकडा कमी होईल म्हणून थांबायचं का? डिसेंबर २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बहुमताने निकाल दिला की उपद्रवी कुत्रे मारण्याचा अधिकार पालिकेला आहे. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पालिकेच्या मोजणीप्रमाणे २०१४ साली मुंबईत सुमारे ९५ हजार भटके कुत्रे होते, दहा वर्षांनी सुमारे ९१ हजार. नसबंदीवाले म्हणतात, बघा, वाढ थांबली. विरोधक म्हणतात, दहा वर्षांत एवढेच? दोघंही त्याच आकड्यावर बोट ठेवतात.

आपल्या मिनिट बुकातली नोंद

आता आपल्या गेटवर येऊ.

२००७ च्या जुलैत सी विंगमधली एक मुलगी ट्यूशनहून येताना तिला कुत्रा चावला. पोटरीला. तिची आई तिला घेऊन रिक्षाने धावली, पुढे महिनाभर इंजेक्शनं झाली, मुलगी सुखरूप राहिली. आज ती स्वतः आई आहे. पण त्या आठवड्यात सोसायटीत जे वातावरण होतं ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. तिच्या वडिलांनी कमिटीच्या मीटिंगमध्ये मला विचारलं, "सेक्रेटरी साहेब, तुमच्या नातवाला चावायची वाट बघताय का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कुणीतरी एक माणूस शोधून आणला. रात्री येईन, तीनशे रुपये नग, बाकी काही विचारायचं नाही, असा त्याचा सौदा. आपल्या गेटवर तेव्हा चार कुत्रे होते. व्हाउचर मी सही केलं. मिनिट बुकात लिहिलं आहे : "आवार स्वच्छता, इतर किरकोळ खर्च, रु. १२००." कुत्रे हा शब्द कुठेही नाही. अक्षर माझंच आहे.

त्या चौघांत मोत्या होता. वॉचमन मामांचा. कागदोपत्री तो कुणाचाच नव्हता, पण मामा डब्यातली अर्धी भाकरी त्याला घालायचे आणि रात्रपाळीत तो त्यांच्या खुर्चीखाली झोपायचा. मामांनी मला त्या संध्याकाळी विचारलं होतं, "साहेब, मोत्याला चार दिवस खोलीवर नेऊ का?" मी म्हटलं, "मामा, एकाला सोडलं तर सगळेच आपापला सांगतील." सकाळी चारही नव्हते. कुठे नेले, काय केलं, मी विचारलं नाही. सौदाच तसा होता. मामा त्यावर कधी काही बोलले नाहीत. २०१६ साली ते गावी गेले, तेव्हा निरोपाच्या पाकिटात मी माझे पाच हजार जास्त घातले. पण बोललो नाही.

नंतर कळलं की मुलीला चावलेला कुत्रा मागच्या गल्लीतल्या गॅरेजचा होता. आणि दिवाळीपर्यंत गेटवर पाच नवे कुत्रे आले. एक कुत्री जनरेटर रूमच्या मागे व्याली. म्हणजे बाराशे रुपयांत आपण लोकांना ओळखणारे चार कुत्रे घालवले आणि न ओळखणारे पाच मिळवले. आपण केलं ते बेकायदाही होतं, कारण २००१ चे नियम तेव्हा लागू होते. मला ते माहीत नव्हतं आणि मी माहीत करूनही घेतलं नाही.

१८३२ चा तो दंगा मी निवृत्तीनंतर वाचला. आठ आणे नग वाचल्यावर मला माझं व्हाउचर आठवलं.

पुढचं श्रेय ए विंगमधल्या शाळेतल्या बाईंना. २०१० मध्ये त्यांनी एका संस्थेची गाडी बोलावून गेटवरच्या सगळ्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून घेतलं. खर्च स्वतः केला. कमिटीने, म्हणजे आम्ही, त्यांना साधं आभाराचं पत्रही दिलं नाही. त्यानंतर गेटवर पिल्लं झालेली नाहीत.

लिफ्टचा ठराव

दुसरा प्रसंग २०१२ च्या वार्षिक सभेतला. "पाळीव प्राण्यांना लिफ्टमधून नेण्यास मनाई", ४१ विरुद्ध ९. मीही त्या ४१ मध्ये होतो. सातव्या मजल्यावर एक लॅब्राडोर होता, म्हातारा, मागच्या पायांनी अधू. त्याचे मालक त्याला रोज दोनदा जिन्याने उतरवत आणि चढवत. पाचव्या मजल्यावर तो बसायचा. अडीच वर्षांनी ते कुटुंब फ्लॅट विकून ठाण्याला गेलं. २०१५ साली प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. बहुमताने ठराव करूनसुद्धा सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, जादा पैसेही लावता येत नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. आपण ठराव मागे घेतला, पण तोवर ते निघून गेले होते.

त्याच सूचनांत मालकांनाही सांगितलेलं आहे : पट्टा लावा, घाण उचला, लसी वेळेवर द्या, शेजाऱ्यांची झोप मोडू नका. पालिकेचा परवानाही काढायचा असतो. हे आपल्याकडे अजून सगळे पाळत नाहीत. पोडियमवरून सकाळी चालणाऱ्या ज्येष्ठांना विचारा. पाळण्याचं स्वातंत्र्य आहे हे खरं, पण पिशवी घेऊन खाली उतरणं हा त्याचाच भाग आहे.

आत्ताचा प्रश्न

हे सगळं आज लिहायचं कारण असं की प्रश्न पुन्हा दारात उभा आहे. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं : नसबंदी, लसीकरण करून त्याच भागात सोडा, पिसाळलेले आणि आक्रमक सोडू नका, खाऊ घालणं ठरलेल्या जागीच करा. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं अशा ठिकाणचे कुत्रे हटवून परत तिथे न सोडण्याचा आदेश आला. त्याच पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि लोकांनी ती फाडली. नंतर पालिकेने ठराविक वेळेत दाणे घालायला ज्या चार जागा दिल्या, त्यांत आपल्याजवळचा ऐरोली-मुलुंड जकात नाक्याचा परिसर आहे. अंधेरी लोखंडवाला आणि बोरिवलीचं गोराई मैदानही आहे. कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसाचा आजार होतो हे खरं. दाणे घालणं हा कित्येकांचा धर्म आहे हेही खरं.

आपल्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर "कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा बंद करणे" असा विषय आलेला आहे. माझं मत मी इथेच सांगतो. २०२३ च्या नियमांप्रमाणे अशी जागा ठरवणं हे सोसायटीचंच काम आहे. मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, गेटपासून ती लांब हवी, वेळ ठरलेली हवी. आत्ताची जागा गेटला लागून आहे, तिथून डिलिव्हरीची मुलं आणि कामवाल्या मावश्या घाबरत आत येतात, तेव्हा तक्रार रास्त आहे. जागा मागच्या कंपाउंडला, पंपहाउसच्या पलीकडे न्यावी. वेळ सकाळी सात आणि रात्री दहा. दरवर्षी लस, आणि त्याचा खर्च सोसायटीने करावा. खरंच चावणारा कुत्रा असेल तर त्याची लेखी तक्रार पालिकेकडे करावी. कुणाला चावलाच तर जखम आधी पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, याचा कागद प्रत्येक लिफ्टमध्ये लावावा.

ज्यांना हे पटणार नाही त्यांनी विरोधात मत द्यावं, सभा त्यासाठीच असते. एवढीच विनंती, की जे ठरेल ते मिनिट बुकात त्याच्या नावाने लिहा. "इतर किरकोळ खर्च" असं लिहू नका.

स्मरणिकेची एक प्रत मी मामांच्या गावच्या पत्त्यावर पाठवणार आहे. त्यांना वाचता येतं.