ओओ आणि डास

काउआई बेटावरच्या ओओचं रेकॉर्डिंग तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेलं असेल. बासरीसारखे घुमणारे सूर, मध्येच शांतता, पुन्हा सूर. खाली ठरलेली कॅप्शन: शेवटचा नर, कधीच न येणाऱ्या मादीला हाक मारतोय. रात्री इयरफोन लावून ऐकलं की गलबलतं, मलाही गलबललं. पण या गोष्टीतून एक पात्र गाळलं जातं. डास.

प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर डास नव्हतेच. १८२६च्या सुमारास जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून त्यांच्या अळ्या आल्या, असं मानलं जातं. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर पक्ष्यांचा मलेरियाही आला (माणसाचा वेगळा), आणि तो पसरवायला डास तयारच होते. हा आजार कधी न पाहिलेले इथले पक्षी त्याला पटापट बळी पडले. उंचावरच्या थंडीत डास आणि मलेरियाचा परजीवी, दोघंही मंदावतात. म्हणून ‘पक्षी डोंगरावर गेले’ असं लिहितात. खरं तर खालचे मेले, वरचे उरले. माउई बेटावर ३,००० मीटरचा डोंगर आहे. काउआईचं सर्वांत उंच टोक जेमतेम १,६०० मीटर.

ओओ उरला तो तिथल्या अलाकाई पठारावर, दलदलीच्या जंगलात. वीतभर, काळपट पक्षी, मांड्यांवर पिवळी पिसं. त्यावरून शास्त्रीय नावातच ‘विजारवाला’ असा शब्द आहे. घरटं जुन्या झाडांच्या ढोलीत, आणि तिथवर उंदीर चढायचे. १९७०च्या आसपास अंदाजे ३६ पक्षी होते. १९८१मध्ये एकच जोडी. नोव्हेंबर १९८२मध्ये ‘इवा’ चक्रीवादळ आलं, त्यानंतर मादी दिसली नाही. नर १९८५मध्ये शेवटचा दिसला, १९८७मध्ये शेवटचा ऐकू आला. ओओमध्ये नर आणि मादी दोघंही गायचे, तेव्हा कॅप्शन अगदीच खोटी नाही.

२००८मध्ये संग्रहालयांतल्या नमुन्यांचा डीएनए तपासला, तेव्हा कळलं की ओओ आणि त्याचे भाऊबंद, ज्यांना सगळे मधपक्षी समजत होते, ते मुळी वेगळंच कुळ होतं. पाच जाती, पाचही संपलेल्या. म्हणजे कुळ ओळखू आलं तेव्हा त्यातलं कुणीच उरलं नव्हतं. अमेरिकन सरकारने २०२३मध्ये काउआईचा ओओ नामशेष म्हणून यादीतून काढला.

काउआईच्या त्याच जंगलात ‘अकिकिकी’ नावाचा छोटा राखाडी पक्षी आता मलेरियानेच संपत आलाय. त्याच्यासाठी तिथे प्रयोगशाळेत वाढवलेले नर डास सोडतात. त्यांच्या अंगातल्या जिवाणूमुळे जंगलातल्या डासांच्या माद्यांची अंडी फुटत नाहीत.