काळा घोडा : राजा गेला, नाव राहिले

आपल्यापैकी अनेकांचा दक्षिण मुंबईशी संबंध येतो तो कामापुरता. कोणी कचेरीत जातो, कोणी न्यायालयात, कोणी मुलांच्या प्रवेशासाठी महाविद्यालयात. काम आटोपले की पावले चर्चगेटची वाट धरतात. हुतात्मा चौकापासून रीगल चित्रपटगृहापर्यंतचा महात्मा गांधी मार्ग आपण कितीदा तुडवला असेल! परंतु त्या रस्त्यावरील कलेची आणि विद्येची दालने आपल्यासाठीही आहेत, हे आपल्या ध्यानी क्वचितच येते. पंधरा-वीस मिनिटांत पायी संपणाऱ्या या परिसराला मुंबईकर ‘काळा घोडा’ म्हणतात.

या नावातच एक इतिहास दडलेला आहे. १८७९ साली येथे ब्रिटिश युवराजाचा, म्हणजेच पुढे राजा झालेल्या सातव्या एडवर्डचा, अश्वारूढ पुतळा उभारण्यात आला. तो अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला होता. युवराज घोड्यावर बसलेला होता खरा, पण लोकांनी नाव दिले ते घोड्याचे. १९६५ साली हा पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलविण्यात आला. राजा गेला, घोडाही गेला. नाव मात्र जागचे हलले नाही. २०१७ साली तेथे नवा काळा घोडा बसविण्यात आला. त्याच्या पाठीवर स्वार नाही.

मूठभरांसाठी उभारलेले हळूहळू सर्वांचे कसे झाले, याची साक्ष येथील वास्तू देतात. आपण हुतात्मा चौकाकडून निघालो की वॉटसन हॉटेलची जुनी इमारत लागते. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आणून १८६०च्या दशकात येथे जोडण्यात आला. गोऱ्या पाहुण्यांसाठी असलेल्या या हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चलत्चित्रपट दाखविण्यात आले. भारतातील चित्रपटांचा तो पहिला खेळ. तिकीट एक रुपया! त्याच महिन्यात हे खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात गेले आणि तेथे चार आण्यांच्या जागाही ठेवण्यात आल्या. आज ही इमारत जर्जर झाली आहे. रहिवाशांना २०१९ साली ती सोडावी लागली.

पुढे डेव्हिड ससून ग्रंथालय लागते. टांकसाळ आणि गोदीत काम करणाऱ्या मंडळींनी १८४७ साली सुरू केलेल्या संस्थेतून ते उभे राहिले. यंत्रांशी झुंजणाऱ्या हातांना पुस्तकांचीही भूक होती. १८७० साली त्यांना ही देखणी वास्तू लाभली. शेजारच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेख जतन केलेले आहेत.

समोर वस्तुसंग्रहालयाचा घुमट दिसतो. त्याची पायाभरणी १९०५ साली झाली. परंतु पहिल्या महायुद्धात येथे जखमी सैनिकांचे रुग्णालय होते आणि जनतेला प्रवेश मिळाला तो १९२२ साली. १९९८ साली त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. लगतची जहांगीर कलादालनाची वास्तू सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिली. पित्याच्या दुःखातून १९५२ साली शहराला हे दालन मिळाले. तेथे प्रवेशमूल्य नाही. रीगलजवळचे १९११ सालचे सर कावसजी जहांगीर सभागृह एकेकाळी सभा आणि मैफलींनी गजबजत असे. १९९६पासून तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे.

या रस्त्यांवर आपल्याही एका माणसाच्या पाऊलखुणा आहेत. फ्रान्सिस न्यूटन सोझा हा गोव्यातील साळगावचा. जन्म १९२४चा. बालपणी देवीच्या आजारातून तो वाचला, तेव्हा आईने संत फ्रान्सिस झेवियरला केलेल्या नवसाला स्मरून त्याला फ्रान्सिस हे नाव दिले. मुंबईत शिवणकाम करून तिने त्याला वाढविले. १९४५ साली जे. जे. कलाशाळेतून त्याला काढून टाकण्यात आले. दोनच वर्षांनी त्याने रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. आरा घरगडी म्हणून राबलेला, हुसेन चित्रपटांचे फलक रंगविणारा, गाडे विदर्भातला. १९४९ साली याच परिसरातील रॅम्पार्ट रोवर त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे.

त्याच वर्षी सोझा लंडनला गेला. त्याने आयुष्यभर क्रूसावरचा ख्रिस्त पुनःपुन्हा रंगविला. पण तो आपल्या घरांतील तसबिरींसारखा सौम्य नाही. तो काटेरी आहे, वेदनेने पिळवटलेला आहे. तो पाहून आपण अस्वस्थ होतो, कधी रागावतोही. तथापि, क्रूसावरची वेदना खरोखर सौम्य होती काय, हा प्रश्न त्या चित्रापुढे टाळता येत नाही. त्याचे १९५९ सालचे ‘क्रुसिफिक्शन’ लंडनच्या टेट संग्रहालयाने जतन केले आहे. २००२ साली तो मुंबईत वारला आणि शिवडीच्या दफनभूमीत विसावला. जगाने ज्याची दखल घेतली, त्याचे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

१९९८ साली नागरिकांनी काळा घोडा असोसिएशन स्थापन केली. १९९९पासून येथे कलामहोत्सव भरू लागला आणि त्याच्या उत्पन्नातून जुन्या वास्तूंची डागडुजी होऊ लागली. देणाऱ्यांनी दिले, जपणाऱ्यांनी जपले. उरते ते आपले काम, आत पाऊल टाकण्याचे. पुढच्या खेपेस मुंबईतले काम लवकर आटोपले, तर एक गाडी चुकू द्यावी. मुलांचा हात धरून जहांगीरच्या पायऱ्या चढाव्यात. चित्र कळले नाही तरी बिघडत नाही. थोडा वेळ त्याच्यापुढे उभे राहावे.