तांबड्या तिकिटाचे कार्ड

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीयाने १९०३ साली ‘निरोप्या’ सुरू केला, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्या काळच्या जर्मन सरकारी पोस्टकार्डावर तिकीट छापलेलेच असे: मुकुट घातलेली जर्मेनिया, जणू त्यांची भारतमाता. तिच्याखाली ‘राइखस्पोस्ट’ असेल तर छपाई १९०० ते १९०२ मधली. ‘डॉइचेस राइख’ असेल तर त्यानंतरची. पाच फेनिगचे हिरवे तिकीट देशातल्या देशात चाले, परदेशासाठी दहा फेनिगचे तांबडे लागे. केंदळला येणारे कार्ड तांबडेच असावयाचे.

पहिल्या महायुद्धात नगरच्याच छावणीत जर्मनांना स्थानबद्ध केले गेले. १९०७ च्या हेग करारान्वये युद्धकैद्यांच्या पत्रांस टपाल हशील माफ होते. म्हणून अशा कार्डांवर तिकीट नसते, तपासनिसाचा शिक्का असतो. हौशी संग्राहक नेमकी हीच कार्डे बाजूला सारतात!

अर्थात आम्ही तरी कोणत्या तोंडाने बोलावे? लहानपणी आम्हीच एका जुन्या कार्डावरील तांबडे तिकीट कात्रीने कापून घेतले आणि उरलेले कार्ड चुलीत घातले. त्या चौकोनाच्या पाठीवर शाईची अडीच अक्षरे आहेत. कोणी कोणास लिहिले, ते आता कळावयाचे नाही.