बाटलीतला सूर आणि श्रेयाचा प्रश्न

काळ्यांचे संगीत गोऱ्या कंपन्यांनी लुटले, हे आपण नेहमी बोलतो. पण शोषितानेच आपल्याहून खालच्या शोषिताचा सूर उचलला तर? हर्बी हॅन्कॉक यांचा 1973 चा 'हेड हंटर्स' हा अल्बम नेमका हा प्रश्न आपल्यापुढे ठेवतो.

हॅन्कॉक शिकागोचे. वस्तीत कलिंगडे विकणाऱ्या गाडीवाल्याच्या आठवणीतून त्यांनी 'वॉटरमेलन मॅन' रचले. 1962 साली ते ब्लू नोट कंपनीने काढले. धुनेचे हक्क कंपनीला देऊ नकोस, असे ज्येष्ठ ट्रम्पेटवादक डोनाल्ड बर्ड यांनी त्यांना आधीच बजावले होते. हॅन्कॉक अडून बसले आणि जिंकले. पुढच्याच वर्षी मोंगो सांतामारिया यांनी ती धून गाजवली, तेव्हा रॉयल्टी हॅन्कॉकना मिळाली. आपल्या श्रमाची मालकी आपल्याकडे ठेवणे, हा स्वाभिमानाचाच लढा होता.

'हेड हंटर्स' सॅन फ्रान्सिस्कोत ध्वनिमुद्रित झाला. खाडीपलीकडच्या ओकलंडमध्ये 1966 साली ब्लॅक पँथर जन्मली होती. जॅझला काळ्या वस्त्यांच्या फंकची, जेम्स ब्राऊन आणि स्लाय स्टोन यांच्या ठेक्याची जोड देऊन हॅन्कॉकनी ते पुन्हा नाचत्या तरुणांपर्यंत नेले. दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

याच अल्बममध्ये 'वॉटरमेलन मॅन' नव्या रूपात आले. सुरुवातीला बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकर मारून सूर काढतात. ही नक्कल आहे मध्य आफ्रिकेतल्या बाबेन्झेले या वनवासी लोकांच्या 'हिंदेव्हू'ची. त्यात एकसुरी शिट्टी आणि गळ्यातला सूर आळीपाळीने येतात. 1966 च्या सिम्हा आरोम यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे तो जगाला ऐकू आला. 1994 साली मॅडोनाच्या 'सँक्च्युअरी'त हाच तुकडा वापरला गेला. गीतकारांत हॅन्कॉकचे नाव आले, बाबेन्झेलेंचे नाही.

हा भावाभावांतला मामला आहे, असे हॅन्कॉकचे म्हणणे अभ्यासक स्टीव्हन फेल्ड यांनी नोंदवले आहे. भाऊ म्हणायचे, तर वाटा कुठे आहे? वंश आणि जात एक नव्हेत. तरीही बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता इथे आठवतेच. पायरीवरचा प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवतो, खालच्याकडे पाहत नाही.

हॅन्कॉकना खलनायक ठरवून आपली सुटका नाही. आपल्या भीमगीतांच्या व्हिडिओखाली गायकाचे नाव असते. हलगीवाल्याचे, ढोलकीवाल्याचे, कोरसमधल्या बायांचे असते का? मानधनाची वाटणी कशी होते? मालकीचा हक्क मागणाऱ्या चळवळीने तो आधी आपल्या मंचावर द्यावा.

जय भीम!